म्हातारीच्या मागचा घाट

साळवींच्या घरात गाड्या दोन. पहिली शहाणी आणि दुसरी म्हातारी. शहाणी आपली आपण चालायची. सकाळी सात वाजता संकेत साळवी तिच्यात बसायचा, डोळे मिटायचा आणि लोट्याला कारखान्याच्या फाटकाशी उघडायचा. म्हातारीला मात्र अजून स्टिअरिंग होतं, क्लच होता आणि पावसाळ्यात पहिल्या फटक्यात सुरू न होण्याचा हट्टही होता. तिला चालवायला माणूस लागायचा. तो घरातच होता. संकेतचे वडील दौलतराव साळवी, वय एकाहत्तर, एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर, साऱ्या चिपळुणाचे अण्णा.

या म्हातारीचा विमा उतरवणार कोण, या एका प्रश्नाने संकेतची बायको मयूरी पंधरा दिवस जेरीस आली होती.

सात कंपन्यांना फोन झाले. सुरुवात सगळीकडे सारखीच गोड. घरातली दुसरी गाडी का, मॅडम? वा, वा. हाताने चालवायची? बरं. चालकाचं वय? एकाहत्तर म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरायची आणि मग एक आकडा यायचा. तो ऐकून मयूरीला वाटायचं, एवढ्यात तर दुसरी म्हातारी दारात उभी राहील आणि वर तिला नवे टायर येतील.

कंपन्यांचंही चूक म्हणता येत नव्हतं. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या आता स्वतः चालत आणि सहसा कशाला धडकत नसत. उरलेसुरले अपघात माणसांच्या हातून होत. तेव्हा माणसाचा हात महाग झाला होता, आणि म्हातारा हात तर फारच. अण्णांना एसटीकडून पंचवीस वर्षांच्या विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळाला होता. मयूरीने तोही सांगून पाहिला. एक एजंट म्हणाला, "फारच छान, मॅडम. पण त्याला आमच्या फॉर्मात रकाना नाही."

आणि विमा नसेल तर पंपावरची नळी उघडायची नाही, असा कायदा. म्हातारीची मुदत श्रावणात संपत होती. ती संपली की गाडी भंगारात.

गेली तर गेली, असं म्हणण्याजोगी ती गाडी नव्हती. मयूरी कुंभार्ली घाटाच्या वर, हेळवाकच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची. पावसाळ्याचे चार महिने घाटात धुकं बसतं. संकेतला सोडून परत आलेली शहाणी अशा वेळी घाटाच्या पायथ्याला, पोफळीलाच बाजूला उभी राहायची आणि अत्यंत नम्रपणे सांगायची की पुढे नीट दिसत नाही, कृपया वाट पाहावी. दुपारी बारापर्यंत वाट पाहिली तर दवाखान्यातल्या रुग्णांचं रक्त कुणी तपासायचं? मयूरीकडे लायसन्स होतं, पण पोफळीच्या पुढे तिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. घाटाची तिला मनापासून भीती वाटायची. म्हणून रोज सकाळी अण्णा तिला वर सोडत आणि संध्याकाळी परत आणत. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या दोन खेपांसाठीच हा माणूस रोज दाढी करतो, हे मयूरीला ठाऊक होतं. म्हातारी गेली तर तिला फार तर बदली मागता आली असती. अण्णांनी कुठे बदली मागायची?

आठवा फोन कराडच्या घाटमाथा सहकारी विमा संस्थेला लागला. तिथल्या बाई वय ऐकून थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वय राहू दे. चाळीस दिवस गाडीत आमची साक्षी बसवा. हात कसा आहे ते तीच सांगेल."

साक्षी म्हणजे पानाच्या डब्याएवढी एक पेटी. तिच्यामागची कल्पना इतकी साधी होती की ती आधी कुणाला कशी सुचली नाही याचं नवल वाटावं. अपघात ही तशी दुर्मीळ गोष्ट. बऱ्या चालकाच्या हातून दहा वर्षांत एखादा. त्यावरून चालक ओळखायचा म्हणजे दहा वर्षांतून एकदा परीक्षा घेऊन मुलाला नापास करण्यासारखं. पण झालेल्या एकेका अपघातामागे हजारो न झालेले असतात. ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागतो, दोन आरसे वीतभर अंतरावरून निसटतात, आणि पुढच्या वळणापर्यंत माणूस ते विसरतोही. काही घडलेलंच नसल्यामुळे त्याची नोंद कधी कुणी ठेवली नव्हती.

साक्षी ती ठेवायची. चाकांची थरथर, स्टिअरिंगच्या बारीकसारीक हालचाली, आजूबाजूच्या गाड्यांचं अंतर आणि वेग हे सगळं ती टिपायची आणि क्षणाक्षणाला एकच हिशेब मांडायची: आत्ता कुणीच काही केलं नाही, तर टक्कर किती सेकंदांवर आहे? उत्तर दीड सेकंदाच्या खाली गेलं की एक नोंद. दोन गाड्यांमधल्या साक्षी एकमेकींशी बोलून ती नोंद ताडूनही पाहत. शास्त्रज्ञांनी या आकड्याला निकटता निर्देशांक असं भारदस्त नाव दिलं होतं. लोकांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं 'थोडक्यात' करून टाकलं. चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना विचारत, "आज किती थोडक्यात?"

अण्णांनी पेटीकडे तिरक्या नजरेनं पाहिलं. "म्हणजे या वयात चेकर बसवला तू डोक्यावर."

"चाळीस दिवस, अण्णा."

"बसू दे. मला काय, तिकीट काढूनच चाललोय मी," ते म्हणाले, आणि गिअरजवळचं पिवळं फडकं उचलून त्यांनी काच पुसली. ते फडकं त्यांचं खास. आणखी कुणी हात लावला तर चालायचं नाही. संकेतने एकदा त्या फडक्याने बूट पुसले होते, त्याची आठवण त्याला अजून करून दिली जायची.

पहिल्या आठवड्याचे अहवाल वाचून मयूरी थक्क झाली. एकतीस वर्षं लोक ज्याला नुसतं चांगलं ड्रायव्हिंग म्हणत आले, ते प्रथमच कुणीतरी मोजून दाखवत होतं. धुक्यात, चढावर, समोरून ट्रक येत असताना अण्णांचा हात स्टिअरिंगवर जेवढा हलायला हवा तेवढाच हलत होता. साक्षीने दोनदा विचारलं होतं: हे वाहन स्वयंचलित आहे काय? मयूरीने जेवताना ते वाचून दाखवलं. त्या दिवशी अण्णांनी भात दोनदा घेतला.

आणि आठव्या दिवशी लाल शेरा आला. 'घाटात अनावश्यक थांबे. आंधळ्या वळणावर चालकाचे दार उघडले. धोका: तीव्र.' खाली लिहिलं होतं की असंच चालू राहिलं तर विमा नाकारला जाईल.

अनावश्यक थांबे म्हणजे काय, हे मयूरीला विचारावं लागलं नाही. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर उतरून चाकांमागे मोठाले दगड लावतो, मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून वीसेक पावलांवर दगडांची रांग मांडतो, वर झाडाची फांदी टाकतो. चाल अगदी योग्य. पण ट्रक दुरुस्त झाला की मंडळी उडी मारून बसतात आणि निघून जातात. दगड तिथेच. अण्णांना पहिल्या दिवशी घाट शिकवणाऱ्या ड्रायव्हरने सांगून ठेवलं होतं की रस्त्यात पडलेला दगड ज्याला आधी दिसेल त्याने उतरून बाजूला करायचा. अण्णा प्रवाशांनी भरलेली एसटी थांबवून उतरत. आता म्हातारी थांबवून उतरत. मयूरी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून घड्याळ बघायची.

"अण्णा, दगडांसाठी थांबू नका," ती म्हणाली. "चाळीस दिवस संपेपर्यंत तरी."

"आणि दगड?"

"बाजूनं घ्यायची गाडी. शहाणी घेते तशी."

"शहाणी आपल्यापुरती बघते गो," अण्णा म्हणाले. "ती बरोब्बर वळसा घालून जाते. मागून येणाऱ्याचं तिला काय? दगड हाय तिथंच ऱ्हायला ना?"

"विमा मिळाला नाही तर म्हातारी भंगारात जाईल, अण्णा. मग एक तरी दगड उचलाल का तुम्ही?"

हे मात्र बिनतोड होतं. अण्णांनी फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "बरं," ते म्हणाले.

नवव्या दिवसापासून अहवाल हिरवेगार येऊ लागले. संकेत खूश, मयूरी खूश. घाटात दगड दिसला की अण्णा अलगद वळसा घालत, आणि मग आरशात बघत राहत. दगड दिसेनासा होईपर्यंत बघत. पूर्वी चढ चढताना ते जुन्या गमती सांगायचे, कुठल्या वळणावर कुणाची कोंबडी एसटीत सुटली होती वगैरे. त्या आता बंद झाल्या. धुक्यामुळे जास्त लक्ष द्यावं लागत असेल, अशी मयूरीने स्वतःची समजूत घातली. ती खोटी आहे हे तिला कळत होतं.

विसाव्या दिवशी सकाळी उंबराच्या वळणावर एक दगड होता. नारळापेक्षा मोठा, कठड्यावरून उचलून आणलेला, त्यावर चुन्याचा पांढरा पट्टा. म्हातारी त्याला वळसा घालून वर आली.

साडेदहाला दवाखान्यात एक तरुण आणला गेला. सुहास घाग, पोफळीचा वायरमन. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, खांदा सोलवटला होता. रक्ताची बाटली आणि कागद मयूरीच्या टेबलावर आले. कागदावर डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलं होतं: दुचाकी घसरली. रस्त्यात दगड. उंबराचे वळण.

मयूरीने रक्तगट तपासला. मग हात धुतले आणि बाहेर जाऊन त्याच्या खाटेजवळ उभी राहिली. "दगड कसा होता हो?"

"तुमाला काय करायचाय दगड?" तो कण्हत म्हणाला. "पांढरा पट्टा होता त्याच्यावर. समोरची गाडी दगड चुकवायला माझ्या अंगावर आली, मी चुकवली तिला, आणि नेमका दगडावरच. थोडक्यात वाचलो, बाई."

दिवसभर तिला ते वाक्य ऐकू येत राहिलं.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर तिने अण्णांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जगेल ना?"

"जगेल."

"मग झालं."

उंबराचं वळण आलं. दगड तसाच होता, जरा कुशीवर वळलेला. अण्णा सवयीने वळसा घालायला लागले.

"थांबवा," मयूरी म्हणाली.

"चेकर बघतोय."

"बघू दे. थांबवा, अण्णा."

त्यांनी दिवे लुकलुकते ठेवले, हॉर्न दिला आणि उतरले. मयूरी आत बसून मागचा रस्ता बघत राहिली, कुणी येत नाही ना म्हणून. पेटीवरचा लाल दिवा लागला होता. अण्णांनी दगड उचलून कठड्यावर परत ठेवला, तिथे त्याची रिकामी जागा होती. येऊन बसले, फडक्याने हात पुसले आणि पोफळी येईपर्यंत सुटलेल्या कोंबडीची गोष्ट सांगितली. मयूरी हसली आणि मग रडली. अण्णांनी समोर बघत गाडी चालवली.

एकविसाव्या दिवसापासून पुन्हा रोज लाल शेरा. मयूरीने अहवाल उघडणं सोडून दिलं आणि बदलीचा अर्ज लिहून ठेवला.

एकेचाळिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, संस्थेकडून रेहाना मुकादम आल्या. चाळिशीच्या, हसऱ्या, बगलेत कागदांचा गठ्ठा. नकार द्यायला एवढ्या लांबून माणूस पाठवतात, संस्था भली दिसते, असं मयूरीच्या मनात आलं. तिने चहा ठेवला.

"वहिनी, एक विचारू?" रेहाना म्हणाल्या. "नवव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत अण्णा आजारी होते का? की गाडी दुसरं कुणी चालवत होतं?"

मयूरीने हातातली बशी खाली ठेवली. मग तिने जे होतं ते सांगून टाकलं. दगड, शेरा, आपण घातलेली बंदी, वायरमनचं हाड. काही लपवलं नाही. "थांबू नका म्हणून मीच सांगितलं होतं. यात अण्णांचा काही दोष नाही," ती म्हणाली.

 रेहानांनी एक कागद उलगडून टेबलावर पसरला. "हा तुमचा घाट. घाटातल्या सगळ्या गाड्यांच्या साक्षी आमच्याकडे बोलतात. दिवसभरात कुठे किती 'थोडक्यात' झाले, ते या रेषेवर दिसतं. आता ही वेळ बघा. सकाळी आठनंतरचे दोन तास. रेषा एकदम खाली येते, तिसऱ्या हिश्श्याने. संध्याकाळी सहानंतर परत तसंच. का, ते आम्हाला कळेना. ऊन नाही, धुकं तेवढंच, गाड्या तेवढ्याच. मग आमच्या एका मुलीच्या लक्षात आलं की त्याआधी दर वेळी एकच गाडी घाटातून गेलेली असते. अठरा वर्षांची. हाताने चालवायची. साक्षीने धोकादायक ठरवलेली."

अण्णा दारात उभे होते. ते आत आले नाहीत.

"आम्हाला वाटलं योगायोग असेल," रेहाना पुढे म्हणाल्या. "पण ते बारा दिवस रेषा खाली आलीच नाही. गाडी तीच, वेळ तीच, चालक तोच. फक्त थांबे नव्हते. विसाव्या दिवशी संध्याकाळी थांबे सुरू, रेषा पुन्हा खाली. वहिनी, एखादी गोष्ट कशामुळे होते हे सिद्ध करायचं तर ती काढून घेऊन बघावी लागते. आम्ही मागितला असता तरी असा स्वच्छ प्रयोग कुणी करून दिला नसता."

"त्याची किंमत घागांच्या खांद्याने दिली," मयूरी म्हणाली.

"हो," रेहाना म्हणाल्या. "ते मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका." मग त्या अण्णांकडे वळल्या. "आमच्या पेटीत खोट होती, अण्णा. तिने तुमचं थांबणं पाहिलं, दार उघडलेलं पाहिलं. तुम्ही कशाला उतरलात हे तिला दिसलं नाही, कारण जे टळलं ते तुमच्या गाडीचं नव्हतंच. ते मागून येणाऱ्यांचं होतं. आजवर प्रत्येक गाडीला तिचा स्वतःचा धोका विचारत होतो आम्ही. एखादी गाडी दुसऱ्यांचा धोका कमी करत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं."

अण्णांना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी विचारलं, "म्हणजे म्हातारी ऱ्हाते का जाते?"

"राहते. आमच्याकडचा सगळ्यात कमी दर, त्यासाठी नवा वर्ग केलाय संस्थेने. शहाणीपेक्षाही स्वस्त." रेहाना थांबल्या. "पण एक आहे. हा दर गाडीचा नाही, तुमच्या हाताचा आहे. पंच्याहत्तरीपर्यंत तुम्ही. पुढे काय? दुसरा चालक लिहायची सोय आहे. त्याला मात्र चाळीस दिवस पहिल्यापासून."

"लिवा," अण्णा म्हणाले. "मयूरी संकेत साळवी."

"अण्णा, मला घाट जमत नाही!"

"मला तरी कुठं जमत होता?" अण्णा म्हणाले. "शिकवलाच ना कुणीतरी."

गणपती येऊन गेले. महिनाभर अण्णांनी तिला रिकाम्या घाटात दुपारचं फिरवलं, चढावर क्लच कसा धरायचा ते दाखवलं, आणि एकदाही आवाज चढवला नाही. मग एका सकाळी पोफळीला त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि पलीकडच्या दाराने येऊन तिच्या जागी बसले. साक्षी नव्याने सुरू झाली. दिवस पहिला.

धुकं नुकतंच विरत होतं. मयूरीच्या तळहातांना घाम सुटला होता, पण म्हातारी चढत होती, एकेक वळण मागे टाकत. उंबराच्या वळणावर, रस्त्याच्या मधोमध, दोन दगड होते.

तिने दिवे लावले, हॉर्न दिला, ब्रेक ओढला. गाडी उभी राहिली. मग ती वाट बघत बसली. अण्णा खिडकीबाहेर दरीकडे बघत होते.

"अण्णा?"

"माझ्याकडं काय बघतेस?" ते म्हणाले. "ड्रायव्हर तू हायस."

मयूरीने दार उघडलं. पेटीवर लाल दिवा लागला. पहिल्या दिवसापासूनच साक्षी प्रत्येक नव्या हातावर संशय घ्यायची, आणि ते बरोबरच होतं. दगड गार होते, ओले, वाटले त्यापेक्षा जड. पहिला तिने कठड्यापाशी नेऊन टाकला. दुसरा उचलत असताना खालून एक शहाणी गाडी आली, शिस्तीत थांबली आणि रस्ता मोकळा झाल्यावर आवाज न करता पुढे गेली. आत एक बाई मुलाला मांडीवर घेऊन गाढ झोपली होती. मयूरी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

परत येऊन बसली तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. ती हात कुठे पुसावेत म्हणून बघू लागली, तोच अण्णांनी गिअरजवळचं पिवळं फडकं उचलून तिच्यापुढे धरलं. तिने हात पुसले आणि घडी घालून ते त्यांना परत द्यायला गेली.

"ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले. "तुझ्याकडंच ठेव."